अणूंची थरथर आणि सी. व्ही. रामन

उन्हाळ्यात बीडकरांना उष्णता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सकाळी गार लागणारा घरावरचा पत्रा दुपारी बाराला हात भाजतो. या पाच-सहा तासांत पत्र्याचे वजन वाढत नाही, की त्यात कोणता नवा पदार्थ शिरत नाही. वाढते ती फक्त त्यातल्या अणूंची थरथर. दगड, धातू, मीठ, हाड, दात, मूतखडा अशा प्रत्येक घन वस्तूत अणू आपापल्या जागी बसलेले असतात, पण एकही अणू स्वस्थ नसतो. काखेत लावलेला तापमापक जो आकडा दाखवतो, तो अखेर या थरथरीचाच हिशेब असतो.

ही थरथर डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. ती पकडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन होतो, भाषणे होतात, रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. मात्र त्या भाषणांत त्यांची अर्धीच गोष्ट येते. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत याच थरथरीविषयीची त्यांची एक मोठी चूक आहे, आणि ती जास्त शिकवून जाते.

डॉक्टरांनी नापास केलेला मुलगा

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. पुढे विशाखापट्टणमच्या कॉलेजात वडिलांना नोकरी लागली आणि कुटुंब तिकडे गेले. रामन अकराव्या वर्षी मॅट्रिक झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये पदवी आणि १९०७ मध्ये एम. ए., दोन्ही पहिल्या वर्गात. अठराव्या वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या नियतकालिकात छापून आला होता.

अशा मुलाने पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जावे, असे शिक्षकांना वाटणे साहजिक होते. त्यासाठी प्रकृतीची तपासणी आवश्यक होती. मद्रासच्या सिव्हिल सर्जननी किडकिडीत रामन यांना तपासले आणि इंग्लंडची थंडी या मुलाला सोसणार नाही, असा निर्वाळा दिला. इंग्लंड राहिले. हाच माणूस पुढे ८२ वर्षे जगला. प्रकृतीचे भाकीत किती चुकू शकते, याचे हे उदाहरण डॉक्टरांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रामन यांनी स्वतः मात्र त्या सर्जनचे पुढे उपकारच मानले.

विज्ञानात पोट भरण्याची सोय त्या काळी भारतात जवळजवळ नव्हती. रामन यांनी सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्यात सहायक अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एकदा ट्राममधून जाताना बहूबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली. ती होती इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची. डॉ. महेंद्रलाल सरकार या नामांकित वैद्यकीय व्यावसायिकाने १८७६ मध्ये ती स्थापन केली होती. भारतीयांनी स्वतः प्रयोग करावेत, ही त्यांची तळमळ होती. १९०४ मध्ये ते वारले, तेव्हा प्रयोगशाळा बरीचशी रिकामीच होती. एका डॉक्टरने बांधून ठेवलेल्या त्या जागेत हा हिशेबनीस पहाटे जाऊ लागला. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी पुन्हा प्रयोग, असा क्रम सुरू झाला.

मध्येच बदल्या झाल्या. १९०९ मध्ये रंगून आणि १९१० मध्ये नागपूर. मध्य प्रांताच्या राजधानीतल्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत दिवसभर आकडेमोड करून घरी आल्यावर रामन जमेल तसे प्रयोग करत. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा पगार बराच कमी असूनही त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

तबल्याची शाई

त्या वर्षांत रामन यांचा मुख्य विषय होता वाद्ये. तार कशी कंप पावते, व्हायोलिनचा गज तारेवर काय करतो, वीणेच्या घोडीमुळे नाद वेगळा का होतो, हे ते मोजून पाहत. लोकसुंदरी स्वतः वीणा वाजवत.

तबला आणि मृदंगावरचे त्यांचे काम विशेष गाजले. साधे कातडे ताणून वाजवले तर नुसता धबधब आवाज होतो, सूर लागत नाही. कारण त्या कातड्याची निरनिराळी कंपने एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या मधोमध शाईचा काळा गोल असतो. त्या वजनामुळे काही कंपने मंदावतात आणि मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा प्रमाणात येऊन बसतात. म्हणून तबला सुरात बोलतो. १९२० मध्ये रामन यांनी हे दाखवून दिले. तबला बनवणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने साधलेले गणित त्यांनी कागदावर उतरवले.

वस्तूला तिची स्वतःची ठरावीक कंपने असतात आणि त्यांवरून ती ओळखता येते, ही कल्पना तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्की बसली. पुढचे यश त्यातूनच आले आणि पुढची चूकही.

समुद्राचा निळा रंग

सर्जननी अडवलेला इंग्लंडचा प्रवास अखेर १९२१ मध्ये घडला. परतताना नारकुंडा या बोटीवरून भूमध्य समुद्राचे गडद निळे पाणी पाहून रामन थबकले. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो, हे तेव्हाचे मान्य उत्तर होते. रामन यांनी खिशातल्या छोट्या प्रिझमने आकाशाचे प्रतिबिंब कापून पाहिले, तर पाणी अधिकच निळे दिसले. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात म्हणून समुद्र निळा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बोट मुंबई बंदराला लागली, तेव्हा इंग्लंडच्या नियतकालिकाला पाठवायचे टिपण तयार होते आणि त्याखाली पत्ता मुंबई बंदराचाच होता.

त्यानंतर सात वर्षे कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत एकच ध्यास होता, प्रकाश पदार्थात विखुरतो तेव्हा नेमके काय होते. साधने साधी होती. आरशाने वळवलेले ऊन, एक मोठे भिंग, रंगीत काचा आणि गाळून शुद्ध केलेले द्रव. सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासह साठएक द्रव तपासले गेले. जांभळा प्रकाश आत सोडला की बाहेर जांभळाच यायला हवा. पण त्यात अगदी अंधूक असा वेगळा रंगही येत होता. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून ते स्पष्ट दिसले.

याचा अर्थ असा. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो. बहुतेक वेळा तो जसाच्या तसा बाजूला फेकला जातो. पण साधारण कोटीत एखादा कण रेणूला हलवून जातो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा स्वतःकडची देतो. ऊर्जा घटली की त्याचा रंग बदलतो. रंगात किती फरक पडला हे मोजले की रेणू किती वेगाने थरथरतो ते कळते. म्हणजे तबल्याचा सूर ऐकावा तसा रेणूचा सूर आता डोळ्यांनी ऐकता येऊ लागला. १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई.

त्याच १९२८ साली आणखी दोन ठिकाणी जवळपासचे काम चालू होते. रशियात लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना हाच परिणाम द्रवांऐवजी क्वार्ट्झच्या स्फटिकात दिसला. जपानमध्ये सेइशी किकुची यांनी अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडला आणि पलीकडे ठिपक्यांची व रेषांची रेखीव नक्षी मिळवली. अभ्रक हा थरांचा स्फटिक. पुस्तकाची पाने सुटावीत तसे त्याचे पापुद्रे सुटतात. इलेक्ट्रॉन हा कण असला तरी लाटेसारखा वागतो, म्हणून अणूंच्या रांगांमधून जाताना तो नक्षी काढतो. रामन यांच्या प्रकाशाचा आणि किकुचींच्या इलेक्ट्रॉनचा तेव्हा एकमेकांशी संबंध नव्हता. तो पुढे आला.

मुंबईहून आलेली विद्यार्थिनी

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी तिथे प्रवेश मागितला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून रामन यांनी नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी त्यांनी दाखवली. अखेर रामन यांनी अटी घालून वर्षभरासाठी परवानगी दिली. नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर काम पाहून ठरवू, अशी ती अपमानास्पद सवलत होती.

वर्षभर त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी त्यांना रीतसर प्रवेश दिला आणि मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजहून पीएच. डी. झाल्या. कमला सोहोनी या नावाने त्या ओळखल्या जातात. डाळी, दूध आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवरचे त्यांचे काम आहारशास्त्रात मोलाचे ठरले. रामन यांची मूळ भूमिका अन्यायाचीच होती. पण समोर पुरावा आला तेव्हा त्यांनी ती बदलली, हेही खरे.

स्फटिकांच्या बाबतीत मात्र त्यांना हे जमले नाही.

पेटी की सारंगी?

जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर माक्स बोर्न या थोर ज्यू शास्त्रज्ञाला देश सोडावा लागला. १९३५-३६ मध्ये ते काही महिने बंगळूरला होते. त्यांनी कायमचे इथेच राहावे म्हणून रामन यांनी प्रयत्न केला. संस्थेतल्या विरोधामुळे ते जमले नाही आणि बोर्न एडिंबरोला गेले. रामन यांच्या कारभारावरही तक्रारी झाल्या. १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले, पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते तिथेच राहिले. काही वर्षांतच हे दोन मित्र वैज्ञानिक वादात समोरासमोर उभे राहिले.

वादाचा विषय होता स्फटिकातल्या अणूंची थरथर. स्फटिकात अणूंचा एक छोटा गट पुन्हा पुन्हा तसाच मांडलेला असतो, जशी फरशीवरची नक्षी. प्रत्येक अणू शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. एक हलला की शेजारी हलतो, आणि लाट पुढे जाते. बोर्न यांचे म्हणणे असे की ही लाट आखूड, मध्यम, लांब कशीही असू शकते. त्यामुळे स्फटिकाची कंपने एका पट्ट्यात सलग पसरलेली असतात. सारंगीवर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर मींड घेत जाता येते, तसे.

रामन यांचे म्हणणे वेगळे होते. शेजारचे गट एकतर एकसाथ हलतात, नाहीतर बरोबर उलट हलतात. मधल्या तऱ्हा टिकत नाहीत. त्यामुळे स्फटिकाला मोजकीच ठरावीक कंपने असतात. पेटीच्या पट्ट्यांसारखी. दोन पट्ट्यांमधला सूर पेटीवर निघतच नाही. १९४३ च्या सुमारास रामन यांनी ही मांडणी जाहीर केली आणि हिऱ्याला एकंदर आठच कंपने असतात असे सांगितले.

रामन यांच्या हाती पुरावा नव्हता असे नाही. हिरा हा त्यांचा आवडता स्फटिक. त्यांनी हिऱ्यांचा मोठा संग्रहच केला होता. हिऱ्याचे मुख्य कंपन सेकंदाला सुमारे ४० लाख कोटी वेळा होते, हे त्यांच्याच पद्धतीने १९३० मध्ये कळले होते. शिष्य आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्याच्या वर्णपटाची जी अप्रतिम छायाचित्रे घेतली, त्यांत स्पष्ट, धारदार रेषा दिसत होत्या. रेषा म्हणजे ठरावीक कंपने, असा रामन यांचा सरळ हिशेब होता. उभे आयुष्य तारा आणि तबले ऐकलेल्या माणसाला तो पटणे स्वाभाविक होते.

पण त्या रेषांना दुसरे स्पष्टीकरण होते. पंढरीच्या वाटेवर वारकरी सलग चालत असतात, तरी विसाव्याच्या ठिकाणी गर्दी दाटते. रात्री दूरच्या टेकडीवरून पाहिले तर दिव्यांचे पुंजके दिसतात आणि मधला रस्ता अंधारा वाटतो. म्हणून मधे कोणी चालतच नाही असे म्हणता येत नाही. सलग पट्ट्यातही काही कंपनांजवळ अशी गर्दी होते आणि ती रेषेसारखी दिसते. १९५३ मध्ये व्हान होव्ह यांनी हे गणिताने दाखवले.

खरी अडचण रामन यांच्या लाडक्या साधनातच होती. दृश्य प्रकाशाच्या लाटेची लांबी अणूंमधल्या अंतराच्या हजार पटीहून अधिक असते. एवढ्या मोठ्या लाटेला मुख्यतः तीच कंपने दिसतात, ज्यांत शेजारचे सगळे गट एकसाथ हलतात. बाकीची कंपने असतात, पण प्रकाशाला ती जवळपास दिसत नाहीत. एक्स-रेमध्ये हाड दिसते आणि स्नायू नीट दिसत नाही, म्हणून स्नायू नसतोच असे कोणी म्हणत नाही. पाहण्यासाठी वेगळे साधन घ्यावे लागते.

अशी साधने होती. अणूंमधल्या अंतराएवढी किंवा त्याहून आखूड लाट हवी. एक्स-रे, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन या तिन्हींची लाट तेवढी आखूड असते. १९४० मध्ये रामन आणि निलकंठन यांना हिऱ्यातून आलेल्या एक्स-रेच्या चित्रात नेहमीच्या ठळक ठिपक्यांखेरीज काही वेगळे ठिपके दिसले. त्यांचाही अर्थ रामन यांनी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे लावला. लंडनमध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी असे अंधूक डाग बारकाईने तपासले. उष्णतेमुळे चालणाऱ्या अणूंच्या नेहमीच्या थरथरीने त्यांतले बरेचसे उलगडत होते. काही ठिपके हिऱ्यातल्या दोषांमुळे येतात, हेही पुढे समजले.

निर्णायक मोजणी न्यूट्रॉनने झाली. कॅनडातल्या चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांनी अणुभट्टीतले न्यूट्रॉन स्फटिकावर सोडून प्रत्येक लांबीच्या लाटेचे कंपन मोजण्याची रीत बसवली. त्यांच्याकडे मुंबईहून अणुऊर्जा खात्यातला एक तरुण आला होता, पी. के. अय्यंगार. दोघांनी मिळून १९५८ मध्ये जर्मेनियमची कंपने प्रसिद्ध केली. जर्मेनियमच्या अणूंची मांडणी हुबेहूब हिऱ्यासारखी असते. कंपने सलग होती, बोर्न यांच्या सिद्धांताप्रमाणे. १९६० च्या दशकात खुद्द हिऱ्यावर न्यूट्रॉनची मोजणी झाली आणि तिथेही तेच दिसले. अय्यंगार यांनी परतल्यावर तुर्भ्याच्या अप्सरा आणि सायरस अणुभट्ट्यांवर याच विद्येची शाळा उभी केली. ब्रॉकहाऊस यांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले. रामन यांच्या मांडणीविरुद्धच्या पुराव्यात एका भारतीय तरुणाचाही हात होता. देशाच्या विज्ञानाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट होती.

रामन यांनी चूक कधीच मान्य केली नाही.

शेवटची वर्षे

१९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर रामन यांनी बंगळूरमध्येच स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. सरकारी पैसा घेण्याचे ते टाळत. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पण जगातल्या भौतिकशास्त्राशी त्यांचा संवाद कमी होत गेला. बरेचसे निबंध ते स्वतःच १९३४ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापत. तिथे त्यांना अडवणारे कोणी नव्हते.

साठीच्या दशकात त्यांनी मानवी डोळ्याचा अभ्यास हाती घेतला. आपल्याला रंग कसे दिसतात याचा प्रचलित सिद्धांत त्यांनी नाकारला. डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्यांच्या मेळातून सगळे रंग दिसतात, हे त्याच दशकात परदेशी प्रयोगशाळांनी एकेका पेशीवर मोजून दाखवले. इथेही रामन एकटे पडले.

माणूस मात्र शेवटपर्यंत कामात होता. फुले, रत्ने, शिंपले, पक्ष्यांची पिसे यांच्या रंगांविषयी ते मुलांसमोर तासन्‌तास बोलत. ऑक्टोबर १९७० मध्ये प्रयोगशाळेतच ते कोसळले. हृदयाचा आजार होता. रुग्णालयात थोडे सावरल्यावर त्यांनी तिथे राहायला नकार दिला. शेवट आपल्या संस्थेच्या बागेत यावा, अशी त्यांची इच्छा होती. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले. कोणताही धार्मिक विधी न करता त्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

पापुद्र्यांतली धडधड

रामन यांच्या मृत्यूनंतर हा विषय संपला नाही. आता प्रश्न असा होता की स्फटिकात कोणती कंपने असतात हे तर कळले, पण उष्णता आत शिरते तेव्हा आधी कोणते कंपन जागे होते आणि ते ऊर्जा पुढे कोणाला देते?

यासाठी किकुचींचा इलेक्ट्रॉन पुन्हा उपयोगी पडला. अभ्रक, ग्राफाइट असे थरांचे स्फटिक या कामाला सोयीचे असतात. इलेक्ट्रॉन जाड वस्तूतून पार जात नाही, आणि या स्फटिकांचा अतिशय पातळ पापुद्रा साध्या चिकटपट्टीनेही सोलता येतो. पेन्सिलीतले ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले थर. थरातले अणू घट्ट बांधलेले, पण दोन थरांमधली पकड सैल. म्हणूनच पेन्सिल कागदावर उमटते. एकाच थरातली मुख्य थरथर सेकंदाला सुमारे ४७ लाख कोटी वेळा होते. म्हणजे एका हेलकाव्याला सुमारे २१ फेम्टोसेकंद लागतात. एक फेम्टोसेकंद एका सेकंदाच्या तुलनेत तेवढाच छोटा आहे, जेवढा एक सेकंद ३ कोटी १७ लाख वर्षांच्या तुलनेत. थर एकमेकांवर घसरतात ती हालचाल त्या मानाने सावकाश. तिला जवळपास चाळीसपट वेळ लागतो.

प्रयोग असा करतात. आधी पापुद्र्यावर लेसरचा अतिशय छोटा ठोका मारतात. ठरावीक क्षणानंतर इलेक्ट्रॉनचा तितकाच छोटा झोत आरपार सोडतात. पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते. अणू जास्त थरथरू लागले की ठिपके फिके पडतात आणि ठिपक्यांच्या मधल्या जागेत अंधूक धुके वाढते. हे धुके म्हणजे रामन आणि लॉन्सडेल यांच्या काळात एक्स-रेच्या चित्रात दिसणाऱ्या डागांचेच भावंड. धुके कुठे दाटले त्यावरून कोणत्या लांबीच्या लाटेला ऊर्जा मिळाली ते समजते. दोन ठोक्यांमधला वेळ थोडा थोडा वाढवत चित्रे घेतली की उष्णता पसरण्याचा चित्रपटच तयार होतो. ग्राफाइटमध्ये लेसरची ऊर्जा सगळ्या कंपनांना सारखी वाटली जात नाही. सुरुवातीला काही मोजक्या कंपनांकडेच ती जाते, आणि नंतर हळूहळू बाकीच्यांत झिरपते. नोबेल विजेते अहमद झेवैल यांनी या इलेक्ट्रॉन-छायाचित्रणाला मोठी चालना दिली.

आता वाद असा राहिलेलाच नाही. प्रकाश, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन ही एकमेकांची पूरक साधने झाली आहेत. ग्राफाइटच्या पापुद्र्यात किती थर आहेत हे ओळखायला आजही आधी रामन वर्णपटच घेतात. ग्राफाइटच्या त्या वर्णपटाचा पाया घालणारा निबंध आला १९७० मध्ये, रामन गेले त्याच वर्षी.

वैद्यकातही रामन परिणाम पोहोचला आहे. मूतखडा कोणत्या क्षारांचा आहे, गोळीत सांगितलेले औषध खरेच आहे का, हे त्याने ओळखता येते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी या प्रकाशाने वेगळ्या ओळखता येतील का, यावर काम झाले आहे. तंबाखू आणि गुटख्याने पोखरलेल्या आपल्या भागासाठी हे महत्त्वाचे आहे. पण ते संशोधन आहे. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर आज तपासणीचा खात्रीचा मार्ग म्हणजे डॉक्टरांना दाखवणे आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासणे हाच आहे.

वैद्यकातही मोठ्या नावाचा दबदबा असतो. ज्येष्ठांनी अनेक वर्षे दिलेले औषध, त्यांनी ठरवलेले निदान, त्यांचा हातखंडा असलेली तपासणी यांवर प्रश्न विचारायला धाकटे कचरतात. रामन यांच्यापुढेही अनेक जण कचरले असतील. त्यांच्या हाती असलेले साधन उत्तम होते आणि त्यातून दिसले ते खरेच होते. चूक झाली ती त्या साधनाला जे दिसत नाही ते नाहीच, असे मानण्यात. विज्ञान दिनाला मुलांना रामन यांची गोष्ट सांगताना समुद्राच्या निळ्या रंगाबरोबर हिऱ्याचीही गोष्ट सांगावी. कमला भागवत यांच्यासाठी मत बदलणारे रामन आणि हिऱ्यासाठी न बदलणारे रामन हे एकच गृहस्थ होते, हे मुलांना कळले तर त्यांचा आदर कमी होणार नाही. आपल्या गुरुजींना प्रश्न विचारायला ती थोडी कमी घाबरतील, एवढेच.